सैंधवाने रक्तदाब उतरत नाही

‘सैंधव खा आणि बीपीची गोळी सोडा’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. सैंधवाने रक्तदाब वाढत नाही, ‘डॅश’ हा रक्तदाब उतरवण्यासाठी आखलेला आहार म्हणजे केवळ अळणी परदेशी जेवण, आणि पथ्य पाळले की औषध लागत नाही, असे तीन दावे त्यात केलेले आहेत.

सैंधव हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते; त्यातील इतर खनिजे इतकी अल्प असतात की रक्तदाबाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सैंधवालाही लागू होते, आणि आमटी-भाजीतले मीठ, लोणच्याची फोड, पापड हे सारे त्याच हिशेबात येते. (पापडखार हाही सोडियमचाच क्षार आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.)

दुसरा दावा तर मूळ प्रयोगाच्या अगदी उलट आहे. अमेरिकेत 459 प्रौढांवर झालेल्या आणि 1997 साली प्रसिद्ध झालेल्या डॅश प्रयोगात तिन्ही गटांचे सोडियम मुद्दाम सारखे ठेवले होते. नेहमीच्या अमेरिकी जेवणाच्या तुलनेत, नुसती फळे-भाज्या वाढवलेल्या गटाचा वरचा रक्तदाब सुमारे 2.8 अंकांनी उतरला. फळे-भाज्यांबरोबर कमी स्निग्धांशाचे दूध-दही घेणाऱ्या आणि संपृक्त चरबी कमी केलेल्या गटाचा 5.5 अंकांनी, तर त्यातील उच्च रक्तदाबाच्या लोकांचा 11.4 अंकांनी. मीठ कमी करण्याची परीक्षा 2001 सालच्या पुढच्या प्रयोगात झाली, आणि दोन्ही उपाय एकत्र केल्यावर सर्वाधिक गुण आला. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी आणि साय काढलेल्या दुधाचे बिनमिठाचे ताक या ताटात परदेशी काय आहे, हे संदेशकर्त्यानेच सांगावे.

तिसरा दावा सर्वांत घातक आहे. आहाराने काहींची गोळी कमी होऊ शकते, परंतु तो निर्णय रक्तदाबाच्या नोंदी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे औषध घेणाऱ्यांनी पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठही विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.