५०७० म्हणजे ४०९० नव्हे

‘आरटीएक्स ५०७० घ्या, एक तृतीयांश किमतीत ४०९०चा वेग मिळतो’ हा मजकूर सध्या फिरतोय. ही दोन्ही एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स कार्डं, म्हणजे संगणकात गेमची चित्रं काढणारे भाग; ४०९० आधीच्या पिढीतलं, पण सर्वात वरच्या दर्जाचं. मूळ दावा खुद्द एनव्हिडियाचा. जानेवारी २०२५मध्ये लास वेगासच्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनात कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी तो केला होता. पण ‘हे एआयमुळेच शक्य आहे’ अशी जोड त्याला होती, आणि फॉरवर्ड करताना नेमकं तेच गळलं.

५०७० मल्टी फ्रेम जनरेशन वापरतं, म्हणजे कार्डाने खरोखर काढलेल्या एका फ्रेममागे (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) एकाहून जास्त फ्रेम एआय रचू शकतं. ४०९० एकच रचतं. त्यामुळे सेकंदाला किती फ्रेम दिसतात हा आकडा फुगतो, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमवरच ठरतो. शिवाय गेममध्ये ही सोय नसेल तर सगळं मुसळ केरात!

ही सोय बंद केली की ५०७० साधारण आधीच्या पिढीतल्या मधल्या दर्जाच्या ४०७० सुपर कार्डाच्या आसपास येतं. नवल नाही: कुडा कोर (कार्डातले गणित करणारे छोटे घटक) ५०७०मध्ये ६,१४४ विरुद्ध ४०९०मध्ये १६,३८४, मेमरी १२ जीबी विरुद्ध २४. ४के रिझोल्यूशनवर गेम खेळणाऱ्यांना किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवाल्यांना हा फरक लगेच जाणवेल. १४४०पी या त्याहून कमी रिझोल्यूशनसाठी मात्र ५०७० चांगलं कार्ड आहे. फक्त ते घ्यायला कुणी आपलं ४०९० विकू नये.