चेटकिणींनी खून करायला सांगितलंच कुठे?

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’बद्दल एक मत सर्रास फिरत असतं: मॅकबेथ मुळात भला सेनापती, चेटकिणींच्या भविष्यवाणीने त्याला नादी लावलं, उरलंसुरलं काम बायकोने केलं, त्याने डंकन राजाचा खून करून गादी बळकावली, आणि शेवटी सगळं भाकीत खरं ठरलं, म्हणजे ही नियतीची शोकांतिका. ऐकायला बरं वाटतं. नाटकात मात्र तसं काही नाही.

आधी भविष्यवाणीच बघू. चेटकिणी त्याला ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि पुढे होणारा राजा म्हणतात. ग्लॅमिस त्याच्याकडे आहेच. कॉडॉरची सरदारकी डंकन राजाने आधीच्या प्रवेशातच त्याला बहाल केलीय, फक्त निरोप पोचायचाय. राहतं राजपद, आणि ते कसं मिळणार यावर चेटकिणी चकार शब्द काढत नाहीत. तरी मॅकबेथ असा दचकतो की सोबतचा बँको विचारतो, इतकं चांगलं ऐकून घाबरलास का? थोड्याच वेळात डंकनच्या खुनाची कल्पना त्याच्या डोक्यात घोळू लागते. ती त्याला कुणी दिली? बरं, त्याच प्रवेशात तो स्वतःशी असंही म्हणतो, की नशिबाला मला राजा करायचंच असेल तर मी हातपाय न हलवताही ते करेल. म्हणजे दुसरी वाट दिसत नव्हती असंही नाही. नियतीची शोकांतिका बघायची तर सोफोक्लीसचा इडिपस बघावा. तिथे बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असं कृत्यच भाकितात आहे आणि ते टळावं म्हणून तो घर सोडतो.

शिवाय चेटकिणी भेटल्या त्या माळरानावर बँकोही होता. तुझे वंशज राजे होतील, असं त्यालाही सांगितलं गेलं. तो कुणावर सुरा उचलत नाही, उलट अंधाराचे हस्तक किरकोळ खरं सांगून मोठ्या गोष्टीत घात करतात, असं बजावतो. (शेक्सपिअरने ज्या बखरीवरून कथा घेतली, तिच्यात बँको कटात सामील आहे. शेक्सपिअरच्या वेळी गादीवर असलेल्या पहिल्या जेम्स राजाचं घराणं स्वतःला बँकोचे वंशज मानायचं, तेव्हा ही साफसफाई का झाली ते उघड आहे.)

बायकोवर फोडलं जाणारं खापर अर्धंच खरं. डंकन आपला आप्त, आपला राजा, त्यात आज आपल्या घरचा पाहुणा, असा विचार करून मॅकबेथ माघार घेतो आणि ती त्याला मर्दानगीवरून डिवचते, हे खरंच. पण तिचं उत्तर नीट ऐका: हा बेत माझ्यापुढे तूच मांडलास, तेव्हा तर वेळही जुळलेली नव्हती आणि जागाही. तो ते नाकारत नाही. आणि त्याआधी, एकटा असताना, त्याने कबूल केलेलंच असतं की या कामाला टाच मारणारं आपल्याजवळ महत्त्वाकांक्षेशिवाय काही नाही. पुढे बँकोवर मारेकरी घातले, तेव्हा तर तिला पत्ताही लागू देत नाही.

उरला ‘सगळं खरं ठरलं’ हा मुद्दा. भाकितं अटळ, तर बँको आणि त्याचा मुलगा फ्लिअन्स यांच्यावर मारेकरी कशाला? स्वतःच्या फायद्याचं तेवढं अटळ आणि दुसऱ्याच्या फायद्याचं मात्र मोडून काढायचं, असा सोयीचा हिशेब आहे हा. पुढे स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही तुला इजा करणार नाही आणि बर्नमचं रान चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस, असा दिलासा चेटकिणींकडे मिळूनही त्याला मॅकडफ या सरदाराचा काटा काढायचाच असतो. मॅकडफ इंग्लंडला निसटला हे कळताच तो त्याच्या बायकोमुलांची कत्तल करवतो. हे कुठल्याही भाकितात नव्हतं. बर्नमचं रान चालून आलं त्यातही चमत्कार नाही, सैन्याचा आकडा शत्रूला कळू नये म्हणून डंकनचा मुलगा माल्कम याने प्रत्येक शिपायाला एकेक फांदी तोडून पुढे धरायला लावली.

शेवटच्या झुंजीत, आपण आईचं पोट चिरून काढलेलं मूल आहोत, म्हणजे भाकितातल्या अर्थाने ‘जन्मलेले’ नाही, हे मॅकडफ सांगतो. मॅकबेथचा धीर सुटतो, मी तुझ्याशी लढत नाही, म्हणतो. मग शरण ये, जगशील, पण लोकांना दाखवायचा तमाशा म्हणून, असं मॅकडफ सुनावतो. म्हणजे अगदी तिथेही जगायची वाट उघडी होती. पोरसवदा माल्कमच्या पायाशी जमीन चाटायची नाही, म्हणून तो ढाल पुढे करतो.