बोटीने आलेले

आज इथे ब्रिटनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या जेवणात जे ऐकलं ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय. मोठं झालंय, सवडीने वाचा.

जेवणं चालली होती आणि शेजारच्या टेबलावर इंग्लिश चॅनलमधून रबरी होड्यांतून येणाऱ्या लोकांचा विषय निघाला. आमच्यातलेच एक दादा, या देशात वीसेक वर्षं काढलेले, म्हणाले, "परत ढकलायला पाहिजे समुद्रात. आपण फी भरून, कागद गोळा करून आलो, आणि हे बोटीत बसून फुकट येतात." तीन-चार जणांनी माना डोलावल्या. मग माझ्याकडे लक्ष गेलं तर म्हणे, "तुमचं वेगळं हो, तुम्ही आपल्यातल्या." जेवणाच्या ताटावर वाद नको म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

माझे आजोबा बोटीने आलेले.

दाभोळच्या खाडीकाठचे आम्ही, कोकणी मुसलमान. गावातली निम्मी पुरुषमंडळी बोटीवर असायची, आजोबा पण खलाशी म्हणून लागले ते विलायती कंपनीच्या मालवाहू जहाजावर. पगार गोऱ्या खलाशाच्या जेमतेम पाव हिस्सा. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा याच खलाशांनी लंडनला संप केला होता, पगारासाठी, तो इतिहास ना इथल्या शाळेत शिकवतात ना आपल्या. आजोबांचं जहाज अटलांटिकमध्ये टॉर्पेडो लागून बुडालं. रात्रभर ते लाईफबोटीत होते, पाय बधिर झालेले, आणि सकाळी एका मासेमारी बोटीने त्यांना वर ओढून घेतलं. ग्लासगोला उतरवलं तिथे कुणीतरी त्यांना एक ओव्हरकोट दिला, त्यांच्या मापाच्या दुप्पट. तो कोट गावी आला. कोकणच्या उकाड्यात ओव्हरकोट घालणार कोण? ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून पडून राहिला आणि आजीने त्याची बटणं उसवून अब्बांच्या शाळेच्या सदऱ्याला लावली. मोठी काळी बटणं, काजात जायची नाहीत म्हणून काजं कातरून मोठी केलेली. अब्बा चिडायचे, पोरं हसतात म्हणून.

आता सांगा, त्या मासेमारी बोटीवरच्या माणसाने आधी कागद मागितले असते तर? मी इथे असते का, अब्बा असते का?

हो, मला माहितीये, युद्धाची गोष्ट वेगळी. घरं मिळत नाहीत, जीपीची, म्हणजे भागातल्या सरकारी डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, २०२२ मध्ये एका वर्षात ४५ हजारांवर लोक होड्यांतून आले आणि सरकारला झेपलं नाही, मान्य. पण म्हणून माणसं समुद्रात ढकलायची भाषा? आणि ती आपल्या तोंडी? 'स्टॉप द बोट्स' म्हणत पोडियमवर उभे राहिले ते तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक, ज्यांचे आईवडील स्वतः पूर्व आफ्रिकेतून या देशात आले. दार आपल्यामागे ओढून घ्यायची ही सवय कुठून लागते आपल्याला?

ऑगस्ट २०२४ आठवतोय ना? जुलैच्या शेवटी साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, कुणीतरी अफवा उठवली की खुनी बोटीने आलेला मुसलमान आहे. तो कार्डिफला जन्मलेला निघाला, पण तोवर मशिदीवर दगड पडले होते, रॉदरहॅमला आश्रय मागणाऱ्यांच्या हॉटेलला बाहेरून आग लावायला निघाले होते लोक. त्या आठवड्यात मी मुलाला शाळेच्या समर क्लबला पाठवलं नाही. दादा, त्या जमावाने तुमचा व्हिसा बघितला नसता. तुमचा रंग बघितला असता. माझं नाव तर सोडाच.

राग शांत व्हायला चहा करून आले. एक सांगायलाच पाहिजे, हेच दादा मी इथे नवीन आले तेव्हा मध्यरात्री हीथ्रोवर गाडी घेऊन उभे होते. बायकोने डब्यात पोळ्या दिल्या होत्या. माणूस वाईट नाहीये, म्हणून तर जास्त लागतं.

फाळणीवरचा 'गर्म हवा' सिनेमा बघितलाय का कुणी? अब्बांनी आम्हाला व्हीसीआरवर दाखवला होता. घर सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी दादी लाकडं ठेवायच्या खोलीत जाऊन लपते. अब्बा तिथे नेहमी उठून बाहेर जायचे. आमच्या घरातलं कुणी पाकिस्तानात गेलं नाही, आजोबांच्या बरोबरचे काहीजण कराचीला उतरून तिकडेच राहिले, हे नाही राहिले. गावी परत आले, त्यांच्या मातीत. आणि तरी अब्बांना ९२-९३ च्या दंगलीत मुंबईत कुणीतरी "तिकडे जा" म्हणालंच.

मुस्लिम समाजात सुधारणा मागणाऱ्या हमीद दलवाईंची 'इंधन' कादंबरी अब्बांच्या कपाटात होती, त्यांचं गाव मिरजोळी आमच्यापासून लांब नाही. दलवाईंना आमच्या समाजाने किती त्रास दिला हे पण बोलायला हवं, आमच्यातले लोक आजही ते नाव काढलं की तोंड वाकडं करतात, त्याचाही मला तेवढाच राग आहे. स्वतःच्या माणसांना खरं सुनावणारा माणूस कुणालाच नको असतो. मी दलवाई नाही, पण मंडळातल्या चार माणसांना एवढं तरी सांगू शकते.

मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे महायुद्धांत समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे, हजारो नावं. मुंबईला गेलात तर जाऊन या. आपल्याकडची आडनावं सापडतील.

दादा, तुम्ही हे वाचणार मला माहितीये. पुढच्या शनिवारी आमच्याकडे 'गर्म हवा' लावतेय, वहिनींना घेऊन या. जेवायलाच या. त्यानंतर वाद घालू, पाहिजे तेवढा.