1 स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: 100 एमबीपीएसच्या लाइनवर 240 कसे दिसले?

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या फोनला उत्तर द्यायला दोन दिवस लागले ही चूक आमचीच, त्यावर काही बोलत नाही. पण नेटवर्कचं ट्रॅफिक मोजून ग्राफ काढणारं जे सॉफ्टवेअर आम्ही बसवून दिलं, त्याबद्दल "100 एमबीपीएसच्या लाइनवर 240 दाखवणारं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं, ही फसवणूक आहे" हे वाचून गप्प बसवत नाही. हे रिव्ह्यू वाचूनच लोक आम्हाला काम देतात, म्हणून तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटवरूनच सांगतो.

त्यात 240 चा सुळका बरोबर दर अर्ध्या तासाने येतो आणि मधली पंचवीस मिनिटं रेघ जवळपास तळाला टेकलेली आहे. स्विचच्या इनपुट-आउटपुट दोन्हीकडे मॉनिटर (ट्रॅफिक मोजणारी सेटिंग) लागून ट्रॅफिक दोनदा मोजलं गेलं असतं, तर दिवसभर सगळेच आकडे दुप्पट आले असते. इथे कारण वेगळं आहे. कोअर स्विचचा, म्हणजे तुमच्या नेटवर्कच्या मुख्य स्विचचा, ॲक्टिव्ह टाइमआउट 1800 सेकंद झालाय. म्हणजे एखादं कनेक्शन लांबलं, तर स्विच त्याचा हिशोब अर्धा तास स्वतःच्या कॅशेत (तात्पुरत्या मेमरीत) ठेवतो आणि मग एकदम पाठवतो. तुमचा रात्रीचा बॅकअप साधारण 40 एमबीपीएसने चालतो. 40 गुणिले 1800 म्हणजे 72,000 मेगाबिट, 9 जीबी. ॲनालायझर, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर, हिशोब ज्या वेळी हातात पडला त्या पाच मिनिटांत मांडतो. 72,000 भागिले 300, झाले 240. सॉफ्टवेअरचं गणित चुकलेलं नाही, स्विचने अर्ध्या तासाची उधारी एका दमात चुकती केली एवढंच.

हँडओव्हरच्या दिवशी, म्हणजे काम तुमच्या ताब्यात दिलं तेव्हा, हा टाइमआउट 60 होता. ती कॉन्फिग (स्विचची सगळी सेटिंग) सेव्ह करून तुमच्या मेलवर पाठवली आहे, तारखेसकट बघता येईल. नंतर तुमच्या टीमने स्विचवर पहिल्या टेस्टच्या दिवशीचा कॉन्फिगचा बॅकअप चढवला. त्यात मॉनिटर आहे, टाइमआउटची ओळ नाही, म्हणून डीफॉल्ट 1800 परत आलं. पासवर्डही तेव्हाच बदलला. आम्हाला कोणी कळवलं नाही, आणि स्टार मात्र आमचे गेले.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. मॉनिटर वापरात असताना स्विच त्यात बदल करू देत नाही, तिथेच बहुतेक जण अडकतात. म्हणून आधी इंटरफेसवर (स्विचच्या पोर्टवर) 'नो आयपी फ्लो मॉनिटर' देऊन तो काढा, मग मॉनिटरमध्ये 'कॅशे टाइमआउट ॲक्टिव्ह 60' टाका, परत फक्त इनपुटला लावा. 'शो फ्लो मॉनिटर'मध्ये 60 दिसलं की 'राइट मेमरी' द्या, नाहीतर पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

ॲनालायझरचा सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर दहा मिनिटं ग्राफ कोरा राहतो, तो दोषही तुम्ही आमच्या नावावर लिहिलाय. स्विच हिशोब नेटफ्लो 9 या पद्धतीने पाठवतो. त्यात टेम्प्लेट, म्हणजे डेटा कसा वाचायचा याचा आराखडा, आल्याशिवाय आलेला डेटा वाचताच येत नाही, आणि तुमचा स्विच टेम्प्लेट दर 600 सेकंदांनी पाठवतो. तेही 60 करता येतं.

अकाउंट्सच्या एका पीसीचा आकडा जुळत नाही म्हणता, त्याबद्दल: मजल्यांवरचे स्विच एसफ्लो देतात, म्हणजे सगळं न मोजता हजारात एक पॅकेट उचलून अंदाज. एखाद्या पीसीचे 100 नमुने मिळाले तर 20 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, 10,000 मिळाले तर तोच 2 टक्क्यांवर येतो. दिवसाचा आकडा बघा, पाच मिनिटांचा नको. हे कोटेशनसोबतच्या कागदात लिहिलं होतं. तोंडीही सांगायला हवं होतं, मान्य.

यापुढे हँडओव्हरनंतर एकदा फेरतपासणी ठेवायचा विचार आहे, फोनचंही काहीतरी करतोच. पासवर्ड दिलात तर उद्या माणूस पाठवतो, पैसे नकोत. स्टार किती ठेवायचे ती तुमची मर्जी. 'फसवणूक' हा शब्द तेवढा काढा, सर.