खाडा आणि विसावा

माझी आई पहिल्यांदा जर्मनीत आली तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "आज कुणी गेलंय का गं इथं?" रस्त्यावर माणूस नाही, दुकानांची दारे लागलेली, कुठे यंत्राची घरघर नाही. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या आमच्या गावात असे चित्र एक तर कुणाच्या घरी मयत झाल्यावर दिसते, नाही तर बंद पुकारल्यावर. आज रविवार आहे आणि रविवारी इथे असेच असते, हे मी तिला सांगितले. तिने मान हलवली, पण तिला ते पटलेले नव्हते. थोड्या वेळाने तिने पिशवीतून गावाकडून आणलेला कापूस काढला आणि वाती वळायला घेतल्या. तिला नुसते बसलेले मी उभ्या आयुष्यात पाहिलेले नाही. कुणाशी बोलत असली तर हातात निवडायची डाळ असते, दूरदर्शनसमोर बसली तर लसूण सोलायचा असतो. आणि तिच्या तोंडी "बसल्या बसल्या एवढं करून टाक" हे वाक्य इतक्या वेळा यायचे, की बसणे हीच मुळात उरकायच्या कामांपैकी एखाद्या कामाची सोय आहे, असे आम्हा भावंडांना वाटत आले.

मी श्टुटगार्टमध्ये अकरा वर्षे राहते आहे. रिकामे बसल्यावर मनाला लागणारी टोचणी घेऊनच मी इथे आले होते. पहिल्याच वर्षी एका रविवारी मी भिंतीवर फळी लावण्यासाठी ड्रिल मशीन सुरू केले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की आज हे करायचे नसते. त्याच वर्षी रजेवर असताना मला ताप आला. मी कार्यालयात कळवले, तर उलट मलाच सांगण्यात आले, की डॉक्टरांचा दाखला पाठवा, आजारपणाचे दिवस रजेतून वजा होणार नाहीत, कारण रजा विश्रांतीसाठी असते आणि तापात पडून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. हा तिथल्या साहेबांचा मोठेपणा नव्हता. १९६३ च्या रजाविषयक कायद्यातच तशी तरतूद आहे. तरीही आपण कुणाचे तरी काही फुकट घेत आहोत, अशी खंत मला कित्येक दिवस वाटत राहिली.

इथली माणसे स्वभावाने निवांत आहेत आणि आपण कष्टाळू, असा समज गावाकडे आहे. तो खरा नाही. मी राहते तो श्वाबेन प्रांत जर्मनीत कामाच्या हव्यासासाठी ओळखला जातो. "शाफे, शाफे, ह्यॉयस्ले बाउए", म्हणजे राबा, राबा आणि घरटे बांधा, ही इथली जुनी म्हण आहे. आमच्या इमारतीत जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असते आणि ती चुकली तर शेजारी ते ध्यानात ठेवतात. अशा माणसांना एकट्याच्या मनोनिग्रहावर विश्रांती घेणे जमले असते, असे मला वाटत नाही. म्हणून त्यांनी ती कायद्यात घातली. रविवार आणि सणाचे दिवस कामापासून विसाव्याचे दिवस म्हणून संरक्षित राहतील, हे कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होते आणि १९४९ च्या राज्यघटनेने ते जसेच्या तसे उचलले. त्यामुळे रविवारी मी बसते तेव्हा माझ्या पुढे कुणी जात नसते. माझे सहकारी बसलेले असतात, दुकानदार बसलेला असतो, आणि सोमवारी सकाळी कुणाच्या कामाचा ढीग माझ्यापेक्षा कमी झालेला नसतो. माझी टोचणी कमी झाली ती यामुळे. परिचारिका, रेल्वेचालक, उपाहारगृहात काम करणारे लोक रविवारीही राबतात, हे मी विसरत नाही; पण त्यांना बदली सुट्टी द्यावी लागते आणि ती मागताना त्यांना मान खाली घालावी लागत नाही.

गावाकडे चाललेली चर्चा मी इथून वाचते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचे आवाहन केले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांबद्दलचे आणि रविवारी लोकांकडून काम करून घेता येत नाही याची खंत सांगणारे बोलणे समोर आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांतील ९ वरून १० तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाला संमती लागेल, असे त्यावर सांगितले गेले. ज्या पोराने नोकरीसाठी लातूरहून पुणे गाठले आहे आणि ज्याच्या मागे दहा जण रांगेत उभे आहेत, त्याची संमती किती मोकळी असेल, हे मला माझ्या वर्गमित्रांच्या बोलण्यावरून कळते. त्यांच्यापैकीच काही जण मला म्हणतात, "तुमचा देश श्रीमंत आहे, तुम्हाला परवडतं. आपण आधी वर यायला पाहिजे."

या युक्तिवादाला उत्तर द्यायला जर्मनीची गरज नाही. आपल्याला आठवड्याची सुट्टी मिळाली ती आपण श्रीमंत झालो म्हणून मिळाली नाही. मुंबईचे गिरणी कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत होते, तेव्हा महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी पुढे केल्याचे सांगतात. हातावर पोट असलेल्या माणसांनी, अतिशय गरिबीत, एकत्र येऊन मागितलेला तो दिवस आहे. त्याच राज्यातली शिकलेली माणसे आज तो परत करायला निघाली आहेत, याचे मला मनापासून दुःख होते.

मग बसण्याची एवढी भीती आपल्या मनात आली कुठून? मराठवाड्यापुरते मला जे दिसते ते सांगते. आमच्याकडे रिकामे बसलेले माणूस म्हणजे बहुतेक वेळा काम नसलेले माणूस. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली, त्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर गावी गेले होते. पारावर भर दुपारी वीस-पंचवीस कर्ते पुरुष बसलेले असत. विहिरीत पाणी नाही, शेतात काम नाही, कुणाच्या हाताला रोजगार नाही. ते बसणे विसावा नव्हते. ते पाहून वाढलेल्या लेकराला, बसणे म्हणजे घर बुडणे, असेच वाटणार. "बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही" ही म्हण आम्ही लहानपणी ऐकली ती पारावरच्या अशाच माणसांकडे पाहत. ज्याला उद्याच्या भाकरीची खात्री आहे तोच आज हात मोकळे सोडू शकतो. ती खात्री नसताना माणूस थांबला तरी त्याच्या मनाला उसंत मिळत नाही.

त्यावर दुसरा थर चढला तो लातूर पॅटर्नचा, म्हणजे परीक्षेसाठी घोटून घेणाऱ्या आमच्याकडच्या अभ्यासपद्धतीचा. त्या अभ्यासानेच मला इथवर आणले, म्हणून त्याच्याविषयी मी कृतज्ञतेनेच बोलते. पण दोन वर्षे भाड्याच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकात झोपेलाही रकाना होता आणि त्याबाहेर डोळा लागला तर आम्ही मैत्रिणी एकमेकींना तो गुन्हा असल्यासारखा कबूल करायचो. शिकवणीत रविवार हा चाचणीचा दिवस असे. अठराव्या वर्षी अंगवळणी पडलेली ही धास्ती चाळिशीत जात नाही.

आज या दुखण्यावर जे उपाय सुचवले जातात, म्हणजे दिवसातून दहा मिनिटे डोळे मिटा, फोन दूर ठेवा, स्वतःला वेळ द्या, ते चुकीचे नाहीत. मीही ते करून पाहिले आहेत. पण ते सगळे एकट्याने करायचे असतात, आणि ज्याची मजुरी तुटत नाही त्यालाच ते साधतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि एक दिवस कोयता थांबला तर त्याला खाडा म्हणतात. त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड बसतो. पाळीच्या चार दिवसांचाही खाडा पडतो. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. विश्रांती घेताना वाटणाऱ्या अपराधीपणाबद्दल लिहायला बसले की हा आकडा माझ्यासमोर येतो. त्या बायांना अपराधी वाटू नये म्हणून उपदेश काय करणार? त्यांचा खाडा रद्द करायला हवा.

आपल्याला सामुदायिक विसावा माहीत नाही असे तर मुळीच नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे त्याच्या कानात सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, तर अख्खे लातूर रानात असते. बाजार ओस पडतो, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते, आणि त्या दिवशी घरी बसून काम करणाऱ्यालाच लोक विचारतात, की रानात का आला नाहीस.

मागच्या येळवशीला मी गावी होते. आई आणि वहिनी आदल्या रात्री जवळपास जागल्याच होत्या. भज्जी, उंडे, खीर, आंबील, एवढा स्वयंपाक दोघींनी केला होता. कडब्याच्या कोपीपुढे पूजा झाली, जेवणे झाली आणि दादा व पाहुणे चिंचेखाली आडवे झाले. आई भांडी गोळा करायला उठली. मी तिला हाताला धरून गोधडीवर बसवले आणि भांडी दादाकडे दिली. तो काही न बोलता ती हौदाकडे घेऊन गेला. आई थोडा वेळ अवघडून बसली, मग तिने पाय पसरले.

तेवढ्यात शेजारच्या फडातून कोयत्यांचा आवाज येत होता. येळवस ऐन गळीत हंगामात येते आणि टोळीला सुट्टी नव्हती. वहिनीने आंबिलीचा तांब्या आणि उंडे घेऊन मला तिकडे पाठवले, कारण येळवशीला वाटसरूलाही उपाशी जाऊ देत नाहीत. माझ्याच वयाची एक बाई बांधापर्यंत आली. मी तिला म्हणाले, "बसा की ताई थोडं." तिने मुकादमाच्या दिशेला एकदा पाहिले, उभ्या-उभ्याच आंबील प्याली, उंडे पदरात बांधले आणि पुन्हा उसात शिरली.