‘अमेरिकेतल्या मध्यम शहरांत बस चालूच शकत नाही’ : रिचमंडच्या रस्त्यावरून प्रतिवाद

एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा : अमेरिकेतली मध्यम आकाराची शहरं मोटारीसाठीच बांधली गेली. वस्ती विरळ, म्हणून बस रिकाम्या धावतात. बसला वेगळी लेन दिली की कोंडी वाढते, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात त्याचा फज्जा उडालाच. तिकीट माफ करून आकडे फुगवले जातात. त्यापेक्षा रस्ते रुंद करावेत.

हे तपासायला न्यूयॉर्क किंवा शिकागो घेण्यात अर्थ नाही. व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड घेऊ. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,२६,६१०, क्षेत्रफळ साधारण ६० चौरस मैल. मजकुराला जे शहर अभिप्रेत आहे, ते हेच.

‘शहर मोटारीसाठीच बांधलं’

फेब्रुवारी १८८८ मध्ये फ्रँक स्प्रेग यांनी रिचमंडमध्ये सुमारे १२ मैलांची विजेची ट्राम सुरू केली. काही ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत चढ होता. मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालेली पहिली विद्युत ट्रामव्यवस्था म्हणून तीच ओळखली जाते. बार्टन हाइट्स, गिंटर पार्क, हायलंड पार्क ही उपनगरं ट्रामच्या रुळांमागोमाग वाढली. शेवटची ट्राम धावली १९४९ साली. १९५८ मध्ये टोलचा महामार्ग खुला झाला, तोही जॅक्सन वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती मधोमध चिरून. मोटारीचं शहर हा या शहरावर चढवलेला दुसरा थर आहे, आणि तो सरकारी पैशाने व सरकारी निर्णयांनी चढला.

याचा आजच्या बसशी थेट संबंध आहे. जुन्या भागात चौक जवळजवळ आहेत, फुटपाथ आहेत, कोपऱ्यावर दुकान आहे. तिथे थांबा टाकला की माणूस पायी पोचतो. शहराला लागून असलेल्या हेन्रायको आणि चेस्टरफील्ड काउंटीत बऱ्याच गल्ल्या पुढे बंद होतात. घरापासून थांबा सरळ रेषेत हजार फुटांवर दिसतो, पण रस्त्याने मैलभर फिरून जावं लागतं. तेवढ्या भागापुरता मजकूर अर्धा खरा आहे.

‘घनताच नाही’

इथे सगळ्यात मोठी गफलत होते. शहराची सरासरी घनता बसच्या उपयोगाची नसते. बस ज्या रस्त्यावरून जाते, त्याच्या दोन्ही बाजूंना पाव ते अर्ध्या मैलाच्या पट्ट्यात काय आहे, तेवढंच तिला लागतं. विलो लॉन ते रॉकेट्स लँडिंग ही ‘पल्स’ नावाची बीआरटी, म्हणजे काही भागात स्वतंत्र लेनमधून धावणारी जलद बससेवा, २४ जून २०१८ ला सुरू झाली : ७.६ मैल, १४ स्टेशनं, खर्च सुमारे साडेसहा कोटी डॉलर. ब्रॉड स्ट्रीटवरच्या या पट्ट्यात व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ, त्याचं रुग्णालय, राज्य सरकारची कार्यालयं आणि जुनं डाउनटाउन येतं. कामाच्या दिवशी ३,५०० प्रवासी मिळतील असा अंदाज होता आणि तो काही महिन्यांतच मागे पडला. शहराची सरासरी घनता होती तेवढीच राहिली.

त्याच दिवशी शहरातल्या बाकीच्या बसचं जाळंही बदललं. बसमार्गांची आखणी करणारे जॅरेट वॉकर यांच्या सल्लागार संस्थेच्या मदतीने वळणावळणाचे मार्ग सरळ केले आणि मुख्य रस्त्यांवर फेऱ्या वाढवल्या. यात काही जणांचा घराजवळचा थांबा गेला, वयस्कर माणसांना जास्त चालावं लागलं. ही किंमत खरी होती आणि ती लपवू नये. ठरावीक पैशात एक तर बस जास्त गल्ल्यांत न्यायची किंवा कमी रस्त्यांवर वारंवार सोडायची. दोन्ही पुरेपूर साधत नाहीत.

‘बस रिकाम्या धावतात’

पुरावा म्हणून रिकाम्या बसचा जो फोटो दाखवतात, तो बहुतेक वेळा मार्गाच्या टोकाला काढलेला असतो. समजा ४० फुटी बस सकाळी विलो लॉनहून चार प्रवासी घेऊन निघाली. विद्यापीठापाशी तिच्यात तीस जण असतील, शेवटच्या स्टेशनवर तीन उरतील. मधल्या वाटेत पन्नासेक माणसं चढली-उतरली. हिशेब धरायचा तो चढणाऱ्यांचा आणि सर्वाधिक गर्दीच्या टप्प्यावरच्या प्रवाशांचा. टोकाचा फोटो यातलं काहीच सांगत नाही. शिवाय सकाळी उलट्या दिशेची बस कमी भरलेली असणारच, कारण पुढची फेरी करायला तिला परत यावं लागतं. त्याच वेळी मोटारींची उलट दिशेची लेनही बरीच मोकळी असते, पण तिचा फोटो कोणी पाठवत नाही.

आता फेऱ्यांचं गणित, कारण बसचा खर्च मुख्यतः चालकाच्या तासांवर ठरतो. समजा एका बाजूला ३७ मिनिटं आणि दोन्ही टोकांना आठ-आठ मिनिटं उसंत धरली, तर पूर्ण फेरा ९० मिनिटांचा. दर १० मिनिटांनी बस हवी तर ९ बस लागतात. कोंडीमुळे प्रत्येक बाजूला दहा मिनिटं वाढली की फेरा ११० मिनिटांचा होतो आणि त्याच सेवेला ११ बस लागतात. दोन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्ट्या धरल्या तर पाच-सहा चालक वाढले, पण प्रवाशाला एकही फेरी जास्त मिळाली नाही. उसंत कापून हे निभावण्याचा मोह होतो. मग एक बस उशिरा सुटते, पुढच्या थांब्यांवर तिच्यासाठी जास्त माणसं साठतात, ती आणखी रखडते, मागची बस तिला गाठते आणि दोन बस जोडीने येतात. मागची रिकामी असते, आणि फोटो नेमका तिचाच निघतो.

‘लेन दिली की कोंडी वाढते’

इथे बसच्या बाजूने बोलणारेही कधी कधी आकडे ताणतात. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर एका लेनमधून तासाला साधारण ६०० ते ८०० मोटारी जातात. मोटारीत सरासरी सव्वा माणूस धरला तर ७५० ते १,००० माणसं. दर १० मिनिटांनी एक ४० फुटी बस, प्रत्येकीत दाटीवाटीने ६० जण, म्हणजे तासाला ३६०. नुसत्या क्षमतेवर बसची लेन इथे जिंकत नाही. पण ६० फुटी जोडबस, प्रत्येकीत ९० जण आणि दर पाच मिनिटांनी एक असं केलं की १,०८० होतात, तेही रस्ता एक इंचही न वाढवता. डाउनटाउनमध्ये कडेच्या बसलेनचा उपयोग इतर मार्गांच्या बसनाही होतो, तो हिशेब वेगळाच. आणि वर पाहिल्याप्रमाणे फेरा लांबला नाही की वाचलेल्या बस नव्या फेऱ्यांना वापरता येतात. लेनचं खरं समर्थन या वेळेच्या बचतीत आहे.

लेन फसते ती बांधणीत आणि राखणीत. थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर बस येताना ओळखून सिग्नल तिच्यासाठी हिरवा दिवा लांबवतो आणि बस प्रवासी चढवत उभीच राहते, म्हणून थांबा चौक ओलांडल्यावर हवा. बस जिथे रोज ब्रेक लावते तिथलं डांबर सरकून लाटा उठतात, तिथे काँक्रीट ओतावं लागतं. फलाटाची उंची बसच्या जमिनीला जुळली नाही तर प्रत्येक व्हीलचेअरमागे दोन-तीन मिनिटं जातात. लेन मधोमध असेल तर डावीकडे वळणाऱ्या मोटारींसाठी स्वतंत्र सिग्नल हवा आणि काही वळणं बंदच करावी लागतात. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे डावं वळण थेट बसच्या लेनवरून जातं.

अल्बुकर्कीचं उदाहरण इथेच येतं. तिथे २०१८ मध्ये नव्या विद्युत बस परत केल्या गेल्या. एका चार्जमध्ये २७५ मैलांचं आश्वासन होतं, चाचणीत १७७ मैलांच्या आसपासच अंतर मिळालं. इतरही दोष निघाले. नोव्हेंबर २०१९ अखेर त्याच लेनमध्ये, त्याच स्टेशनांवर डिझेल बस सुरू झाल्या. पहिल्या काही आठवड्यांत मनाई असताना डावीकडे वळणाऱ्या मोटारी बसवर आदळल्या. यातून वाहनखरेदीचे आणि वळणांचे धडे मिळतात. लेन निरुपयोगी असल्याचा पुरावा यात नाही.

‘फुकट दिली म्हणून भरली’

रिचमंडमध्ये मार्च २०२० पासून तिकीट नाही. आधी ते दीड डॉलर होतं. पल्सने अंदाज ओलांडला तो २०१८ मध्ये, म्हणजे तिकीट असताना. तेव्हा हा मुद्दा तारखेवरच कोसळतो. कोविडच्या साथीनंतर बरीच शहरं जुन्या प्रवासीसंख्येच्या खाली अडकली, रिचमंडने ती ओलांडली. त्यात मोफत प्रवासाचा वाटा नक्कीच आहे. तिकिटाचं उत्पन्न चालवण्याच्या खर्चाच्या मानाने थोडं होतं, आणि नोटा-नाण्यांची पेटी गेली की चढायला वेळ कमी लागतो.

पण मोफत प्रवासाची एक बाजू फारशी कोणी सांगत नाही. अमेरिकी कायद्याप्रमाणे नेहमीच्या बसमार्गापासून पाऊण मैलाच्या आत राहणाऱ्या, पण अपंगत्वामुळे ती बस वापरू न शकणाऱ्या व्यक्तींना आगाऊ नोंदणीवर गाडी द्यावी लागते. तिचं भाडं बसभाड्याच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. शून्याची दुप्पट शून्य. म्हणजे सगळ्यात खर्चिक सेवाही मोफत होते आणि तिची मागणी वाढते. ही तरतूद आधी न करता तिकीट माफ केलं तर पैसा फेऱ्यांतूनच कापला जातो.

‘रस्ते रुंद करा’

टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद झाला. बाजूचे रस्ते धरून काही भागात २६ लेन, खर्च सुमारे २८० कोटी डॉलर. २०११ ते २०१४ या काळात संध्याकाळचा प्रवासवेळ ५५ टक्क्यांनी वाढला. यावर अधिक लिहायची गरज नाही.

जागा खाणारी खरी गोष्ट पार्किंग आहे. एका मोटारीला फिरण्याची वाट धरून ३०० ते ३५० चौरस फूट लागतात. ८०० चौरस फुटांच्या घरामागे दीड मोटारीची सक्ती असेल तर पाचशे चौरस फूट मोटारीला, आणि ते भाड्यात येतात, भाडेकरूकडे मोटार असो वा नसो. रिचमंडने एप्रिल २०२३ मध्ये ही किमान पार्किंगची सक्ती शहरभर काढून टाकली. पार्किंग बांधायला बंदी नाही, किती बांधायचं ते बांधणारा ठरवतो. पल्सच्या काही स्टेशनांभोवती १२ मजल्यांपर्यंत बांधकामाला परवानगी देणारे नियमही आले.

पल्सचा पुढचा टप्पा पश्चिमेला शॉर्ट पंप या उपनगराकडे नेण्याची योजना आहे. ग्लेन ॲलन आणि शॉर्ट पंपच्या बाजूला भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, त्यात मराठीही आहेत, आणि भेटीला आलेल्या आईवडिलांना मोटारीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. तिथला ब्रॉड स्ट्रीट कितीतरी लेनचा आहे आणि अनेक ठिकाणी फुटपाथ मधेच संपतो. स्टेशन बांधण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मैलाचा सलग फुटपाथ, रस्ता ओलांडताना मध्यभागी थांबायला आडोसा आणि सत्तरीचा माणूस एका दमात ओलांडू शकेल एवढा वेळ देणारा सिग्नल लागेल. अंदाजपत्रक आलं की आधी या तीन ओळी त्यात आहेत का ते पाहावं.