काही सभासद

‘काही सुशिक्षित म्हणवणाऱ्या सभासदांना खालीही माणसं राहतात याचा विसर पडलेला दिसतो.’ रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पडला. सोबत फोटो: दांडीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट, खांद्यावर पिवळट डाग. लिहिणारे पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ, म्हणजे बरोबर माझ्या खालचे. त्यांच्या खिडकीत एसीचं पाणी ठिबकतं. डोंबिवलीच्या दमट हवेत ते ठिबकणारच, पण माझ्याकडे एसीच नाही. पंखा आहे, तोही पाचवर टाकला की कुरकुरतो.

दुपारपर्यंत त्या मेसेजवर अंगठ्यांचा ढीग लागला. भाजीच्या गाडीपाशी एका काकूंनी मेथी निवडता निवडता मला विचारलं, “दुरुस्त करून घेणार ना?” मी काय बोलणार? कोथिंबीर घेतली.

संध्याकाळी लिफ्टची वाट बघत आम्ही तिघं उभे. मी, खालचे गृहस्थ (पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट घेणारा माणूस, यावरून काय ते ओळखा) आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका. मी तोंड उघडणार, तोच काकांनी हात आडवा घातला.

“तुम्ही बोलू नका. शब्दाने शब्द वाढतो. मी बोलतो.” मग खालच्यांकडे मान वळवून, “यांचं म्हणणं, यांच्याकडे एसी नाही.”

“त्यांना सांगा, आम्ही कुठे नाव घेतलंय?”

“ते म्हणतात, नाव कुठे घेतलंय?”

“ऐकलं मी, काका. मग तो शर्ट कुणाला दाखवला?”

काकांनी हे पुढे पोचवलंच नाही. “शर्ट सर्वसाधारण होता,” असं परस्पर सांगून टाकलं.

आमच्या दोघांत हातभर अंतर होतं. खालच्यांच्या पिशवीतला पाव मला दिसत होता. हाच माणूस संक्रांतीला दारात येऊन ‘गोड बोला’ म्हणतो! गोड नको हो, नुसतं बोला. लोक पुण्याच्या पाट्यांना हसतात, पण पाटी निदान ज्याला बोलायचं त्यालाच बोलते. आमच्याकडे ‘काही सभासद’. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही तक्रार लेखी द्यावी, समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यावा, तो १५ दिवसांत कळवावा, असं सगळं आहे. जिना चढून बेल वाजवावी, असं कलम मात्र नाही. व्हॉट्सॲपने २०१४ साली निळ्या टिका आणल्या, त्यामुळे मी मेसेज वाचला हे त्यांना कळतं. मला काय वाटलं, ते कळून घ्यायला कुणाला सवड आहे?

पहिल्या मजल्यावर गृहस्थ उतरले. दुसऱ्यावर मी उतरलो, तर काका लिफ्टचं दार पायाने अडवून कुजबुजले, “मनाला लावून घेऊ नका हो. ते तुम्हाला नव्हतंच.”

“मग?”

“चौथ्या मजल्यावर. अध्यक्षांचा एसी. नळी तुमच्या खिडकीवरून खाली लोंबतेय, बघितली नाहीत?”

“मग अध्यक्षांना का नाही सांगत?”

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “अध्यक्षांना कसं सांगणार?”

म्हणजे लेकी बोले, सुने लागे. फरक इतकाच, की इथे सुनेला काही लागलंच नव्हतं. त्या मेसेजवर पहिला अंगठा अध्यक्षांचाच होता. वर ‘अगदी रास्त मुद्दा’ अशी ओळही. मेथीवाल्या काकूंना हे कोण समजावणार? त्या सोडल्या, तर सगळ्या बिल्डिंगला ठाऊक असलेली गोष्ट फक्त दोघांना ठाऊक नव्हती, ज्याचा एसी त्याला आणि ज्याच्या नावावर खपली त्याला.

तेवढ्यात वरून आवाज आला, “लिफ्ट सोडा हो!” आणि पाठोपाठ जिन्याने अध्यक्षच खाली उतरले.

“काय, कसली चर्चा?”

मी म्हटलं, “पाण्याची.”

“पावसाच्या पाण्याची,” काका घाईघाईने म्हणाले. “११ जून तारीख, पण यंदा काय होतंय कोण जाणे.”

“लवकर यायला हवा,” कपाळ पुसत अध्यक्ष म्हणाले. “रात्रभर एसी लावावा लागतो हो.”